वटवाघळांची वाट

खाणीत दरड कोसळून बाहेरची वाट बंद झाली, तेव्हा आत दोघंच अडकले: दाजी आणि त्यांचा मेहुणा. दाजींचा पाय मोडला होता. पाणी संपलं, तसा मेहुण्याने धीरच सोडला.

इतक्यात छताला लटकलेली वटवाघळं फडफडली आणि एकामागून एक आतल्या भुयारात शिरली. दाजींच्या जिवात जीव आला. "अरे, ही किडे खाणारी जात. कातरवेळ झाली की पोटासाठी बाहेर पडणारच. त्यांना वाट आहे म्हणजे आपल्यालाही आहे. जा, बघून ये!"

मेहुणा बॅटरी घेऊन सरपटत त्यांच्यामागे गेला. भुयाराच्या टोकाला खरंच वारा लागला, आभाळ दिसलं. पण अखंड कातळातली ती फट जेमतेम दोन बोटं रुंद होती. अंगठ्याएवढी वटवाघळं पंख मिटून, कान पाडून तिच्यातून बाहेर सटकत होती. त्याने ओरडून घसा फोडला. बाहेर नुसतं रान होतं. मग तो नखं निघेपर्यंत कातळ ओरबाडत राहिला.

परतला, तेव्हा दाजींना ग्लानी आली होती.

"सापडली वाट?"

"सापडली, दाजी."

"केवढी आहे रे?"

त्याने सोललेले हात पाठीमागे लपवले.

"आपण दोघं जोडीनं बाहेर पडू, एवढी. तुम्ही जरा डोळे मिटा, मग निघू."