बेट आणि तळं

“साहेब, हे बेट खोटं आहे,” बाई एका दमात बोलून मोकळ्या झाल्या.

मोकळ्या कसल्या! खरं सांगायचं ते अजून पुढेच होतं. समोर टेबलावर चारशे वर्षांपूर्वीचा नकाशा अंथरलेला. उद्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला बोलावलेले त्यांचे जुने साहेब आजच येऊन, भिंग घेऊन त्यावर ओणवे झाले होते. बाईंच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. पस्तीस वर्षं फाटके नकाशे खळ लावून सांधण्यात गेली. बाईंचा हात लागला की डोळे झाकून निर्धास्त राहावं, असं सगळे म्हणत. आयुष्यभरात कमावलं ते एवढंच, आणि तेच त्या आज पणाला लावत होत्या.

“खोटं आहे हे कुणाला माहीत नाही?” साहेब वर न बघताच म्हणाले. “खलाशांना लांबून ढग दिसायचा, ते बेट म्हणून सांगायचे आणि हे लोक काढून मोकळे. पाटीवर लिहिलंय की.”

नकाशाशेजारी लावायच्या पाटीवर खरंच तसं लिहिलं होतं. ‘नकाशाकाराने शहानिशा न करता, ऐकीव माहितीवर हे बेट दाखवले.’ ती पाटी छापून आल्यापासून बाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या माणसाच्या हातून चुका झाल्या होत्या, नाही असं नाही. त्याने एक नदी चक्क डोंगरावर चढवली होती. भर वाळवंटात बांगडीसारखं गोल गरगरीत तळं खोदून ठेवलं होतं. पण बेट त्याचं नव्हतं. बिचारा उलटून बोलणार नाही म्हणून काहीही त्याच्या माथी मारायचं?

“ढग नव्हता, साहेब. चहा होता. माझा. नोकरीला लागून तीन महिने झाले होते. या खोलीत चहा दिसला तर त्याच दिवशी घरी पाठवीन, असा तुमचा दम होता. थेंब सांडला, डाग काही केल्या निघेना. मी घाबरले आणि त्याच्याभोवती शाईने किनारा काढला.” बाईंनी बेटाकडे बोट दाखवलं. “वर तीन झाडंही काढली.”

साहेबांनी भिंग खाली ठेवलं.

“झाडं छान जमलीत. दुसऱ्याच दिवशी पाहिली होती मी.”

बाई बघतच राहिल्या. “पाहिली होती? मग बोलला का नाहीत? मी पस्तीस वर्षं जीव मुठीत धरून या खोलीत येतेय!”

साहेबांनी पाटी उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या बाजूवर नीट अक्षरात लिहायला सुरुवात केली. बाईंना एकदम हलकं हलकं वाटलं. जे व्हायचं ते होवो, नकाशाकार तरी सुटला.

“बेट तुझ्या नावावर लिहितो,” साहेब म्हणाले, “आणि वाळवंटातलं तळं माझ्या. चहाचा ओला कप मी तिथे टेकवला, त्याच दिवशी या खोलीत चहाला बंदी घातली.”