लढाईनंतरची शांतता

पहिला तोफगोळा पडला आणि शेजारच्या माणसाने खुर्चीचा हात समजून सिस्टरचं मनगट आवळलं.

"माफ करा हं," तो पुटपुटला आणि त्याने हात काढून घेतला. दुसरा गोळा पडला, पुन्हा तेच.

दुसरी कोणी असती तर त्याची चांगली खरडपट्टी काढली असती. पण सिस्टरने हॉस्पिटलात उगाच केस पांढरे केले नव्हते. तिने वळून नीट पाहिलं. कपाळावर घाम, मान ताठ, डोळे गच्च मिटलेले. समोर रणगाडे धडधडत होते आणि हा बाबा तिकीट काढून डोळे मिटून बसला होता.

तिचा थोरला भाऊ फौजेतून परत आला तो असाच. गेल्या वर्षी हौसेने त्याला असल्याच एका सिनेमाला नेलं, तर तो अर्ध्यातून उठला आणि बाहेर जिन्यात कान झाकून बसला. तेव्हापासून दादाने सिनेमाचं नाव टाकलं होतं. आज ती एकटी आली होती ती त्यासाठीच. आधी आपण बघू, झेपण्यासारखं असलं तर त्याला परत एकदा आणू.

मध्यंतरात दिवे लागले. माणसाचा चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे त्याची बायको होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली.

"घ्या, घोटभर प्या. निम्मा झाला."

"खरी लढाई पुढेच आहे," तो म्हणाला.

"बाहेर जाऊन बसता का थोडं?" सिस्टरने विचारलं. "मी नर्स आहे. संकोच करू नका."

"नको. आज शेवटपर्यंत बसायचंच. आज निभावलं तर उद्या कामावर तोंड दाखवता येईल. नाही तर संपलं सगळं."

"काय सांगू, सिस्टर!" बायको म्हणाली. "घरात वाटी पडली तरी दचकतात. रस्त्यात एखादी गाडी फटफटली की उभे राहतात ते राहतातच. माणूस जेवायला समोर असतो, कान मात्र तिकडेच."

"तुम्ही त्यात शेवटपर्यंत होतात?" सिस्टरने हलकेच विचारलं.

"बाकीचे सुटले हो. शेवटाला मी एकटाच राहिलो." त्याने बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. "आणि तिथेच माझ्या हातून चूक झाली. वेळीच नीट ऐकलं असतं तर..."

"पुरे," बायको म्हणाली. "झालं ते झालं."

सिस्टरने पुढे विचारलं नाही. पट्टी कधी सोडायची आणि कधी नाही, एवढं तिला कळत होतं. कोणाची तरी हाक याला ऐकू आली नसणार, आणि ती आता जन्मभर छळणार. दादाच्या मनातही असलंच काही रुतून बसलं असेल काय, कोण जाणे. तिला फार वाईट वाटलं.

"माझा हात खुशाल धरा," ती म्हणाली. "लाजायचं काही कारण नाही."

"धरू द्या बाई," बायकोने सुस्कारा टाकला. "माझ्या हाताचा तर पार भुगा झालाय."

मध्यंतरानंतर सिनेमाने कोणाला उसंत दिली नाही. खंदक कोसळत होते, पोरं पडत होती, खुर्च्या हादरत होत्या. माणूस ओठ चावून बसला होता. मग एक शेवटचा स्फोट झाला आणि सगळं थांबलं.

"आलं," तो पुटपुटला.

पडद्यावर धूर आणि चिखल. एकेका निश्चल चेहऱ्यावरून कॅमेरा सरकत होता. संगीत नाही, काही नाही. अख्खं थिएटर गप्प झालं होतं.

त्या शांततेत कुठूनतरी, लांबून, एक बारीकसा आवाज आला. अर्धवट कोंडलेला, मध्येच तुटलेला.

सिस्टरच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वॉर्डात खाटेशेजारी उभं राहून तिने तो कितीदा ऐकला होता. जाणाऱ्या माणसाचा अखेरचा श्वास. त्या चिखलात आत्तापर्यंत कोणीतरी जिवंत होतं, आणि आता नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाईला हुंदका फुटला. मागे एक दणकट गृहस्थ रुमाल शोधू लागले. सिस्टरचेही डोळे वाहू लागले.

तिची बोटं कडकडा मोडतील इतक्या जोराने त्या माणसाने दाबली. मग हळूहळू पकड सैल झाली. त्याने डोळे उघडले. पुढे पाहिलं, मागे पाहिलं. जो तो रडत होता.

"सुटलो!" तो म्हणाला. आणि बायकोच्या मांडीवरचं पॉपकॉर्न उचलून बकाबका खायला लागला.

सिस्टरचा जीव भांड्यात पडला. उरलेला सिनेमा त्याने लहान पोरासारखा मान उंचावून पाहिला.

बाहेर पायऱ्यांवर लख्ख ऊन होतं. माणूस चक्क शीळ घालत होता.

"शाबास तुमची," सिस्टर म्हणाली. "आता दादालाही आणते. आणि खरं सांगू? तुम्ही सावरलात, पण माझाच बांध फुटला. त्या शांततेत तो शेवटचा श्वास ऐकू आला ना, तेव्हा. इतकी मरणं पाहिली मी, पण काळीज असं कधी चिरलं नव्हतं. तुमच्याच एखाद्या सोबत्याची आठवण झाली असेल तुम्हाला, हो ना?"

शीळ थांबली. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. माणूस कानापर्यंत लाल झाला आणि भिंतीवरचं पोस्टर फार बारकाईने वाचू लागला. बायकोने सिस्टरला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तुम्ही आपल्या वाटलात म्हणून सांगते, कुठे बोलू नका," ती कुजबुजली. "हे सिनेमातले आवाज तयार करतात. ती शांतता यांनी आमच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड केलीय, आणि तो श्वास नव्हे हो, माझ्या आईने दाबलेली शिंक आहे."