चंपतरावांचा फोन

संत्रा मार्केटमधून व्यापारी भैयाजींचा फोन वच्छलाबाईंच्या घरी आला, तेव्हा बाईंचे यजमान महादेवराव शेजारीच चहा पीत होते. फोन समोरच्या ट्रकवाल्या चंपतरावांसाठी होता. दिल्लीला संत्री न्यायची होती आणि ट्रक आजच हवा होता.

त्या वर्षांत वाडीत ट्रक भरपूर, फोन मात्र मोजके. बाईंनी नेमकी ही अडचण हेरली. ट्रकवाले व्यापाऱ्यांना बाईंचा नंबर देत, बाई निरोप घेऊन पोचवत. महिन्याचे पैसे ठरलेले. या धंद्याला भांडवल एकच, भरवसा. आणि इथेच घोडे अडत होते, कारण महादेवरावांचाही एक ट्रक होता. तो कित्येक दिवस दारात रिकामा उभा होता.

"चंपतराव गावाले गेले म्हणून सांग," महादेवराव म्हणाले. "आपली गाडी काय पूजेले ठेवली वं?"

बाईंनी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून चंपतरावांना निरोप दिला.

चंपतरावांनी समोरच्या रिकाम्या ट्रकाकडे पाहिले. आपल्याला कोणी फसवू शकत नाही, असा त्यांचा जुना समज होता.

"घरची गाडी उभी, अन् लोड मले देऊन राहिल्या? माल सडका असन. मले नाही पाहिजे, बाई."

बाईंनी भैयाजींना तसे कळवले. भैयाजी म्हणाले, "मग तुमच्या घरचीच पाठवा ना!"

महादेवराव किल्ली घेऊन उभेच होते. बाईंना त्यांची फार दया आली. घर त्या ट्रकावरच चालायचे.

"आमची नाही येणार," त्या म्हणाल्या. "दुसरे ट्रकवाले आहेत, रुपराव, त्यांची पाठवते."

"काहून वं?" महादेवराव ओरडले. "तो तं नाही म्हणाला ना!"

"ते तुम्हाले ठाऊक, मले ठाऊक. वाडीले काय दिसन? फोन चंपतरावचा अन् गाडी भरली आपली."

महादेवराव त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळी रुपरावांचा ट्रक संत्र्यांनी भरून, हॉर्न वाजवत चंपतरावांच्या दारावरून गेला. माल ताजा होता, वास रस्ताभर दरवळत होता. थोड्या वेळाने चंपतराव बाईंकडे आले. महादेवरावांच्या ट्रकाभोवती त्यांनी एक चक्कर मारली, मागून वाकून आत पाहिले. ट्रक रिकामाच होता. मग ते येऊन बाकावर टेकले.

"बाई," ते म्हणाले, "याच्यापुढं मी नाही म्हटलं, तरी तुम्ही हो सांगून टाकजा."