माफ केलेली गोष्ट

“खोटं कुठे बोलायचंय तुला? जे झालं तेच सांग ना,” प्रांजलच्या ओढणीला माइक लावत रुचिका म्हणाली.

अंधेरीच्या स्टुडिओत गाण्याच्या स्पर्धेचं शूटिंग चाललं होतं. प्रांजल भांडुपच्या चर्चमध्ये गाणारी, एकोणीस वर्षांची. हजारभर मुलांमधून ती शेवटच्या वीस जणांत आली होती. त्यातले बारा टीव्हीवर जाणार होते. निवड आवाजाइतकीच घरच्या कहाणीवर होते, हे तिला आज कळत होतं. कहाण्या जमवायचं काम रुचिकाचं. तिने प्रांजलच्या चाळीत जाऊन सगळी माहिती काढली होती.

सात वर्षांपूर्वी, नाताळच्या सकाळी, प्रांजलचे पप्पा सुबोध पिऊन चर्चच्या पायरीवर पडले होते. उपासना सुटत होती. सगळी मंडळी बघत होती. बारा वर्षांच्या प्रांजलने त्यांच्या चपला उचलल्या आणि आईबरोबर त्यांना धरून घरी नेलं. त्यानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही. पण त्या दिवसाबद्दल घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही.

“एवढंच बोल,” रुचिका म्हणाली. “मग पप्पांना आत आणू. ते माफी मागतील, तू रड. धडाधड वोट पडतील बघ. बाकीच्यांनी काय काय रचून सांगितलंय! तुझं तर खरं आहे यार.”

कॅमेरा सुरू झाला. लहानपणापासून प्रांजलला गाण्याशिवाय दुसरं काही नको होतं. आणि रुचिका म्हणत होती ते खरंच होतं, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“मला गाणं पप्पांनी शिकवलं,” ती म्हणाली. “बाकी काही सांगायचं नाहीये.”

“अगं, चान्स जाईल!”

“जाऊ दे, मॅडम. मी त्यांना केव्हाच माफ केलंय. प्रभूसमोर गुडघे टेकून केलंय. एकदा माफ केलं की ते परत उकरून लोकांना दाखवायचं नसतं. आम्हाला तसंच शिकवलंय.”

रुचिकाने तिच्या ओढणीचा माइक काढून घेतला. अर्ध्या तासाने बारा नावं वाचली गेली. प्रांजलचं नाव त्यात नव्हतं.

डोळे पुसून ती पालकांच्या खोलीकडे निघाली. पप्पांना काय सांगायचं ते मनात जुळवत होती. दार ढकललं आणि ती थबकली. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. आतलं शूटिंग त्यावर जसंच्या तसं दिसत होतं, आवाजासकट.

“पप्पा, नाही झालं माझं,” ती कशीबशी म्हणाली.

सुबोध उठले. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहरा इतका मोकळा तिने कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“चल बाळा, घरी जाऊन आधी प्रभूचे आभार मानू. सात वर्षं तुला एक गोष्ट विचारायचा धीर होत नव्हता गं. आज न विचारताच उत्तर मिळालं.”