बॅटरीवर तपासलं

"आई, त्या बटनाला हात लावू नको म्हटलं ना," संस्कृती जरा जोरातच बोलली.

छबुबाईंनी हात मागं घेतला. गेवराईत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. असेल तोवर टाकी, मोबाइल, बॅटरी, सगळं भरून घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. आणि ही लेक लाइट असूनही लॅपटॉपचा चार्जर बंद ठेवून बसलेली.

दुखणंच तसं होतं. लॅपटॉपचा पडदा चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, संस्कृतीची कंपनी लिहायची. चार्जर चालू असला की तो शहाण्यासारखा वागे. बॅटरीवर मात्र वीज वाचवायला पडदा एकदा झोपला, की उठायचं नाव नाही. नुसता काळाठिक्कर. आज दुरुस्ती झाली तर कायमचं घरून काम, नाहीतर सोमवारी बंगळूरला हजर, असं साहेबांनी बजावलं होतं. आईला एकटं टाकून जायला ती तयार नव्हती.

तिनं नवा कोड चढवला. पडदा झोपवायची, उठवायची चाचणी सुरू केली. समोर बसवेना, म्हणून अंगणात जाऊन फेऱ्या मारू लागली.

"आत यायलीस का गं?" छबुबाईंनी थोड्या वेळानं विचारलं.

"हं, आले."

पडदा लख्ख उजळलेला. एकदाही दगा दिला नव्हता. तिचा विश्वास बसेना. पुन्हा चाचणी लावली, पुन्हा अंगण, पुन्हा आईची हाक. पुन्हा तेच. बॅटरी तर जेवढी होती तेवढीच. आपला कोड इतकी वीज वाचवेल असं तिलाही वाटलं नव्हतं.

'बॅटरीवर तपासलं. पक्कं काम झालंय,' तिनं साहेबांना कळवलं.

उत्तर लगेच आलं. 'शाब्बास. सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवून दिलं. तुम्ही गेवराईतच राहा.'

संस्कृतीनं आईला मिठीच मारली. डोळे भरून आले होते.

"आई, आता मी कुठं जात न्हाई."

"मला वाटलंच होतं," छबुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तू वरडतीस म्हणून बोलले न्हाई. तू अंगणात गेलीस की मी बटन लावायचे, अन् यायलीस म्हणलं की बंद करायचे. न्हाईतर तुझी बॅटरी कवाच उतरली असती."