टिकलीवरचं कुंकू

“आठवत नाही म्हणे! सोयीचा विसर आहे!” इन्स्पेक्टरने तानूबाईच्या प्रेताचा फोटो तिच्या नवऱ्यासमोर, परसूसमोर आपटला. के. आर. पुरममधल्या खोलीत तिचा गळा आवळलेला होता, मंगळसूत्र गायब होतं आणि तिच्या बाजूलाच परसू डोकं फुटून बेशुद्ध पडला होता. ती दुपार त्याच्या डोक्यातून पुसली गेली होती. “मी जिन्यातच बसले होते, सर. कोणीसुद्धा आलं नाही,” वरच्या मजल्यावरची शिवलीला म्हणाली. “परसूअण्णांनीच केलं.” परसूने फोटो उचलला आणि त्याचं टाळकं सणकलं. “माझं डोकं सोडा, तिचं कपाळ बघा! तानू नुसती टिकली लावायची. टिकलीवर हे कुंकवाचं बोट कुणाचं? आमच्यात आलेल्या सवाशिणीला निघताना कुंकू लावतात, मग तीही घरच्या बाईला लावते. माझ्या बायकोनं जिला कुंकू लावलं, तिनंच तिला मारलं!” शिवलीलेचा हात आपसूक स्वतःच्या कपाळाकडे गेला.