भूतकाळाचं बटण

गेल्या रविवारी मानवजातीने काळावर विजय मिळवला. फक्त आत जाताना चपला बाहेर काढायच्या होत्या.

मिरजेतल्या पहिल्याच विज्ञानकथा संमेलनाला मी आलो तो या कालयंत्रासाठी. कॉलेजच्या पोरांनी फ्रिजच्या खोक्यातून ते बनवलं होतं आणि मंगल कार्यालयाच्या कोपऱ्यात मांडून सकाळी त्याची यथासांग पूजाही केली होती. तासभर रांगेत उभा राहून मी आतल्या खुर्चीवर बसलो. हळदकुंकू लावलेल्या बटणांपाशी एक मुलगी होती.

"बोला काका, कुठं सोडू?"

"गेल्या वर्षीची कुठलीही संध्याकाळ. आमची ही पोळ्या लाटत असते आणि आतूनच माझ्यावर ओरडत असते. तेवढं ऐकतो आणि येतो परत."

मुलगी ओशाळली. "काका, भूतकाळ बंद पडलाय. अध्यक्षांनी यंत्रावरच नारळ फोडला, सगळं पाणी त्या बटणात गेलं. पण भविष्य एकदम झकास चालतंय! पन्नास वर्षं पुढं जाऊ या? थेट मंगळावर?"

"तिथं ही असेल?"

तिनं बटणावरचा हात मागं घेतला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ आजोबा, आटपा की! आम्हालाही जायचंय."

बाहेर दिवेलागण होत आली होती.

"मंगळ राहू दे गं," मी म्हटलं. "एकट्याचं ताट वाढून घ्यायला नको वाटतं बघ. आजचं जेवण उरकल्यानंतरच्या साडेनऊला सोडलंस, तरी चालेल."